नाचणारे नर, गपचूप नर

माझ्या पीएचडीचा विषय काय आहे हे सासरी खरंखरं सांगायला मला तीन वर्षं लागली. लग्न झालं तेव्हा नुकतंच नाव नोंदवलं होतं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "कशावर लिहून राहिली म्हनं तू?"

"माशांवर," मी म्हटलं.

"माशायवर काय?"

"त्यांच्या सवयींवर."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आमची सून माशायची डॉक्टर होनार हाय, असं त्या शेजारीपाजारी सांगू लागल्या. दोघीतिघींनी त्यावर आपल्या म्हशींचे आजारही मला विचारून घेतले.

खरा विषय असा होता: गप्पी माशांचे नर मादी मिळवण्यासाठी कोणकोणत्या वाटा धरतात, पाणी गढूळ झालं की त्या वाटा बदलतात का, आणि एकाच मादीच्या पोटात दोन-तीन नरांचे शुक्राणू गेले तर त्यांच्यात चढाओढ कशी लागते. कॉलेजात मी हे सहज बोलते. वसमतच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणं हेच माझं काम. पण चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या सासूबाईंसमोर 'शुक्राणू' हा शब्द माझ्या तोंडून फुटत नव्हता.

गप्पीची ओळख मला लहानपणापासून. माझं माहेर हिंगोलीचं. वडील आरोग्य खात्यात होते, आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी गावोगाव हे मासे वाटण्यात घालवली. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात, रांजणात, विहिरीत सोडायचे. आता कळतं की ओढ्या-नदीत ते सोडणं बरं नव्हे, तिथल्या मूळच्या माशांना ते जड जातात. तेव्हा हे कुणी बोलत नव्हतं. सासरच्या गावात शाळेमागच्या हौदात कुण्या आरोग्यवाल्यानं असेच सोडलेले होते. शिरड शहापूरच्या बाजूला, बसनं कॉलेजपासून अर्ध्या तासावर हे गाव. नवऱ्याची तिथं हळद आणि कापूस. मी चहाची गाळणी घेऊन त्या हौदावर गेले आणि डबाभर मासे घरी आणले.

कॉलेजात जागा नव्हती, म्हणून घराच्या मागल्या पडवीत सिमेंटच्या आठ टाक्या मांडल्या. चारांत स्वच्छ पाणी. चारांत आमच्याच रानातली काळी माती कालवलेलं. माती तळाशी बसायची, ती दिवसातून तीन-चारदा काठीनं ढवळावी लागायची. मी कॉलेजला गेले की ते काम कोण करणार? सासूबाईंनी आपणहून काठी हातात घेतली. असं करत त्या टाक्यांपाशी बसू लागल्या, आणि बसल्या म्हणजे बघणार, बघितलं म्हणजे विचारणार.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "इकडं ये बरं. हे बारकं काय करून राहिलं?"

गप्पीचा नर इवलासा आणि रंगीत असतो, मादी मोठी आणि राखाडी. एका टाकीत एक देखणा नर मादीपुढं अंग वाकवून थरथरत होता. त्याच्या दोन्ही अंगांना केशरी डाग होते. सासूबाई म्हणायच्या ह्याला हळद लागलेली हाय, म्हणून त्याचं नाव त्यांनी नवरदेव ठेवलं होतं. नवरदेव पुढं नाचत होता आणि मादी त्याच्याकडं बघत होती. तेवढ्यात एक फिकट, किडमिडीत नर मागून आला, मादीच्या पोटाखाली झटकन घुसला आणि पळून गेला. मादी दचकून बाजूला झाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. काही नर नाचून मादीला राजी करतात. काही तिची नजर चुकवून मागून येतात. तोच एक नर कधी हे करतो, कधी ते. पाणी गढूळ असलं, मादीला रंगच दिसत नसले, तर नाचून उपयोग काय? मग मागून येणं वाढतं का, हेच मी बघत होते.

सासूबाईंनी काठी टाकीच्या काठाला टेकवली. मग म्हणाल्या, "आन मादीला कोन इचारतं?"

"तिचंही चालतं," मी म्हटलं. "दोन-तीन नरांचं बीज ती पोटात महिनोन्महिने साठवून ठेवते. आत त्या बीजांची शर्यत लागते. आवडला त्याचं जास्त ठेवून घेते, बाकीच्याचं कमी, असं दिसतं."

"म्हंजे तिच्या पोटातलं तिच्याच हातात हाय तर." त्या खूश झाल्या. मग एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "तुहंच काहून आसं होऊन राहिलं मंग, माय?"

हा प्रश्न आमच्या घरात तेव्हा रोजचा होता. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं आणि मूल नव्हतं. सासूबाई वाईट नव्हत्या. मला त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. पण मूल होत नाही म्हणजे बाईलाच काहीतरी झालंय, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी माझ्या मनगटात काळा दोरा बांधला, सोमवार धरायला लावले, कुणी सांगितलेला पाला वाटून दिला. मी दोरा बांधून घेतला, सोमवार धरले आणि पाला मोरीत ओतला. नांदेडला दवाखान्यात जाऊन माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्यांत औषध सोडून फोटो काढतात, ती तपासणी तर मी दात आवळून सोसली. सगळे कागद चांगले आले. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी एकच म्हणायच्या, "पुढच्या वेळी मिस्टरांना आणा."

मिस्टर येत नव्हते. कधी हळद काढायला आलेली असायची, कधी मोटार जळलेली असायची. रागावत नव्हते, नाही म्हणत नव्हते. "येतो की," म्हणायचे आणि त्या दिवशी सकाळीच रानात जायचे.

मला सगळं कळत होतं, हीच माझी पंचाईत होती. दिवसभर मी नर माशांचे शुक्राणू मोजत होते. बाहेरून नर कसा दिसतो यावरून आत काय आहे ते सांगता येत नाही, हे वर्गात पोरींना शिकवत होते. आणि घरी आल्यावर आपल्या माणसाला एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं. दोनदा बोलायला गेले. पहिल्यांदा त्यांनी विषय बदलला. दुसऱ्यांदा ते जेवणावरून उठले. त्यानंतर मी गप्प बसले.

मग उन्हाळ्यात असं झालं की कॉलेजातला प्रयोगशाळेतला माणूस लग्नाच्या सुट्टीवर गेला आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी मोजणी आली. मासे घरून डब्यांत न्यायचे, काचेखाली बघत आकडे सांगायचे आणि ते दुसऱ्यानं लिहायचे. दुसरा कुणी नव्हता. मी नवऱ्याला विचारलं. हळद शिजवून वाळत घातलेली होती, हातात थोडा वेळ होता. "चल," ते म्हणाले. "आकडे लिहायला काय लागतं?"

मोटारसायकलवर माझ्या मांडीवर माशांचे डबे, आणि खड्डा आला की ते गाडी अशी हळू घ्यायचे जणू मी बाळंतीण आहे. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. मी एका माशाला गुंगीच्या पाण्यात ठेवलं, ओल्या काचेवर आडवा केला. नराचा पोटाखालचा एक पर नळीसारखा झालेला असतो. तो पुढं वळवून पोट हलकेच दाबलं की रव्याहून बारीक पांढरे कण बाहेर येतात. त्या एकेका कणात शुक्राणूंची मोळी बांधलेली असते. मिठाच्या पाण्याचा थेंब पडला की मोळी सुटते.

पहिला मासा तोच किडमिडीत, मागून येणारा. मोळी सुटली आणि काचेखाली नुसती गर्दी झाली. मी आकडे सांगत गेले, ते लिहीत गेले. मध्येच म्हणाले, "मला दाखव की."

मी उठून त्यांना जागा दिली. एक डोळा मिटून ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे सगळं ह्या बारक्याचं?"

"हो."

"आयला," ते म्हणाले आणि हसले.

दुसरा मासा नवरदेव. त्याला काचेवर घेताना मलाही वाटलं होतं की ह्याचं भरपूर निघेल. दोनच कण निघाले, आणि सुटल्यावर काचेखाली मोकळी जागाच जास्त दिसली. मी पुन्हा बघितलं. मग त्यांनी बघितलं.

"ह्याला काय झालं?"

"काही नाही. काहींचं असं असतं. दिवसभर नाचून खर्ची पडलं असेल, किंवा मुळातच कमी असेल. बाहेरून कळत नाही." मला वाटलं, आता बोलून टाकावं. पण मी फक्त एवढंच म्हटलं, "त्यात त्याचा काही दोष नाही."

"मंग? आसाच राहनार का ह्यो?"

"वेगळा ठेवायचा. चांगलं खायला द्यायचं. पुष्कळदा भरून येतं."

त्यांनी नवरदेवाला चमच्यानं स्वतः उचलून स्वच्छ पाण्यात सोडलं. गुंगी उतरून तो पोहायला लागेपर्यंत डब्यापाशी उभे राहिले. मी पुढच्या माशाची तयारी करत होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मानसाचं बी ह्याच काचेखाली बघतेत का?"

"ह्याच," मी म्हटलं. मी चिमटा खाली ठेवला.

"आन कमी निघालं तर?"

"तर का निघालं ते बघतात. इलाज असतो बऱ्याचदा."

"हं," ते म्हणाले. "पुढचा मासा घे."

त्या दिवशी आम्ही अकरा मासे मोजले. चार दिवसांनी सकाळी मी बसला निघाले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे. "सुट्टी टाक आज," म्हणाले. "नांदेडला जाऊ."

तिथं त्यांच्या वाट्याला काय आलं ते मला बाकावरून दिसत होतं. काउंटरवरच्या माणसानं त्यांचं आडनाव सगळ्यांसमोर पुकारलं, छोटी बाटली हातात दिली आणि संडासाकडं बोट दाखवलं. बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. बाटली मुठीत लपवून ते गेले. मला माझी नळ्यांची तपासणी आठवली, आणि पहिल्यांदा असं वाटलं की आता आम्ही दोघं ह्याच्यात आहोत. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा मानेपर्यंत घामेजलेले होते.

दुपारी कागद मिळाला. शुक्राणू कमी होते, आणि जे होते त्यांतले बरेचसे मंद. डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन तपासलं आणि मग दोघांना समोर बसवून सांगितलं की अंडकोशाच्या शिरा फुगल्यात, पायाच्या शिरा फुगतात तशाच. छोटं ऑपरेशन आहे. त्यानं फरक पडतो बऱ्याच जणांना, सगळ्यांना पडतोच असं नाही. नवऱ्यानं एकच विचारलं, "हे माझ्यात पहिल्यापासून आसंल?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या मांडवात बसलो. रस आला. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

"चार वर्षं तुला सुया टोचून घ्यायला लावल्या मी," ते म्हणाले.

मला म्हणायचं होतं की जाऊ द्या. म्हणाले नाही. ते खरंच होतं, आणि ते ऐकायची मला गरज होती. मी म्हटलं, "रस प्या. गरम होतोय."

"घरी काय सांगायचं?"

"तुम्ही ठरवा."

त्यांनी दोन दिवस घेतले. अंगणाबाहेर हळद पसरलेली होती, सासूबाई आणि ते खोऱ्यानं ती उलटीपालटी करत होते. मी पडवीत टाकी ढवळत होते. त्यांना वाटलं असेल मला ऐकू येत नाही.

"माय, तपासनी केली मी."

"कशाची?"

"लेकराची. कमी माझ्यातच हाय. तिच्यात काही न्हाई."

"कोन म्हन्लं?"

"डॉक्टरनं. कागद हाय."

"कागद बी चुकतेत."

"चुकला न्हाई ह्यो. काचेखालून बघतेत, हिच्या माशायचं बघतेत तसंच. म्या बघितलंय."

हळद ओढल्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा मलाच काही बोलतील. पण त्यांनी विचारलं, "दुखतं का रे तुला?"

"न्हाई."

"व्हय का," त्या म्हणाल्या, आणि हळद ओढल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कात्री घेऊन माझ्यापुढं आल्या. "हात दे." मी हात पुढं केला. त्यांनी काळा दोरा कापला. तो बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आता ह्याच्या हाताला बांधू का?"

"त्यांना ऑपरेशन सांगितलंय, आई."

"मंग दोन्ही करू," त्या म्हणाल्या आणि खरंच मुलाच्या मनगटात नवा दोरा बांधून आल्या.

इथवर घरातल्या घरात होतं. पुढच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीत एका बाईनं नेहमीसारखं म्हटलं की पोराचं दुसरं बघा आता, किती दिवस वाट बघता. सासूबाईंनी डबा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कमी माझ्या पोरात हाय. सुनंत न्हाई. आन त्याचा इलाज चालू हाय. पुन्हा म्हनू नको." गिरणीत आठ-दहा बायका होत्या. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

नवरा घरी आला तो चिडून. "गावात तोंड दाखवायचं कसं आता?" सासूबाई ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "हिनं चार वर्षं दाखवलं न्हाई का?" त्यानंतर दोन दिवस ते रान आणि घर यापलीकडं गेले नाहीत. पारावरून हाक आली तरी गेले नाहीत. मला काळजी वाटली की हे आता ऑपरेशनलाही नाही म्हणतात की काय.

तिसऱ्या दिवशी मागल्या दारानं, पडवीतून, शेजारच्या रानातला एक माणूस आला. अबोल माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नाला सात वर्षं झालेली. बायकोला माहेरी धाडायच्या गोष्टी त्याच्या घरात चालल्या होत्या हे मला ठाऊक होतं. टाक्यांकडं बघत तो बराच वेळ उभा राहिला, मासे काय खातात ते विचारलं, पाणी काहून गढूळ ते विचारलं. मग नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यो नांदेडचा दवाखाना कुठं हाय, भाऊ?"

नवऱ्यानं त्याला बाजेवर बसवलं. चहा झाला. मी आत होते, पण आवाज येत होता. नवरा त्याला सगळं सांगत होता. बाटली, काउंटरवरचा माणूस, नाव पुकारणं, काहीही न वगळता. "लाज वाटती," ते म्हणाले, "पन दहा मिंटाचं काम हाय. तिला लई दिवस लागतेत, आपल्याला दहा मिंटं." त्या संध्याकाळी ते पारावर गेले.

ऑपरेशन पावसाळ्याच्या आधी उरकलं. आठ दिवस ओझं उचलायचं नाही असं सांगितलेलं, तर त्यांनी पडवीत खाट टाकली आणि माझ्या टाक्यांचं निरीक्षण लिहायला घेतलं. किती वेळा नाचला, किती वेळा मागून आला, अशा रेघा मारायच्या. त्यांच्या रेघा माझ्यापेक्षा नीट असायच्या. माझ्या आठ टाक्यांपुरतं बोलायचं तर गढूळ पाण्यात नाचणं कमी झालेलं दिसलं आणि मागून येणं वाढलेलं. आणखी एक दिसलं, जे मी आधी योजलं नव्हतं. गढूळ टाकीतले नर उचलून स्वच्छ पाण्यात सोडले की थोड्याच दिवसांत ते पुन्हा नाचायला लागायचे. मार्गदर्शक बाईंना मी हे भीतभीत दाखवलं. त्या म्हणाल्या, "हेच तर तुझं चांगलं प्रकरण आहे. नीट लिही." ते मी त्या पावसाळ्यात लिहिलं. वेगळ्या ठेवलेल्या नवरदेवाची मोजणीही पुन्हा घेतली. आधीपेक्षा बरी निघाली. सासूबाईंनी ती बातमी गिरणीत सांगितली की नाही, मला माहीत नाही.

नवऱ्याचा दुसरा कागद दिवाळीनंतर आला. फार नाही, पण वाढलेत. मंद होते त्यांतले बरेच आता पळतात. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, नाहीच झालं तर पुढचे उपाय आहेत. हे लिहिताना आमच्याकडं अजून लेकरू नाही. आम्ही वाट बघतो आहोत, पण आता ती दोघं मिळून बघतो. सोमवार मी सोडलेत, आणि माझ्या ताटात दोन्ही वेळा भाकरी वाढलेली आहे का, ते सासूबाई बघतात.

परवा सकाळी नवरा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मागं तो शेजारचा अबोल माणूस बसलेला, त्याचीही दुसरी तपासणी होती. गाडी वळणाआड गेली आणि कुंपणापलीकडून त्याच्या बायकोनं मला हाक मारली. आता तिला माहेरी धाडायची भाषा त्यांच्या घरात कुणी करत नाही.

"वैनी, तुमच्या त्या गाळणीनं मला बी चार मासे द्या की. आमच्या हौदात लई डास झालेत."

"देते की," मी म्हटलं. "माद्या आठच दिवसांपूर्वी व्याल्यात. पिल्लं देऊ का मोठे?"

"पिल्लंच द्या. मी वाढवते," ती म्हणाली आणि डबा आणायला आत गेली. माझी बस चुकणार होती, पण मी थांबले.